पिचरला माउंडवरून केव्हा उतरवायचे : दुसरे पारडे

आपण विचारलेल्या प्रश्नाचे तीन भाग आहेत. अमेरिकी बेसबॉलमध्ये २०२० च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेच्या, सहाव्या सामन्यात टॅम्पा बे रेजचा डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा) ब्लेक स्नेल लॉस एंजेलिस डॉजर्सच्या फलंदाजांना काही सुचू देत नव्हता आणि त्याचे केवळ ७३ चेंडू झाले होते. तरीही मॅनेजर केव्हिन कॅशने त्याला बाहेर काढले, ही चूक होती का, हा पहिला. असा निर्णय घेताना मॅनेजर नेमके काय पाहतो, हा दुसरा. आणि हल्ली हा निर्णय माणूस घेतो की संगणक, हा तिसरा. मी अमेरिकेत शाळकरी आणि हायस्कूल वयाच्या मुलांच्या संघांबरोबर पिचिंग प्रशिक्षक म्हणून सोळा वर्षे काढली आहेत. मेजर लीगच्या, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक पातळीच्या, डगआउटमध्ये (संघाच्या बाकावर) मी कधी बसलेलो नाही, पण माउंडवर (पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर) जाऊन एखाद्याच्या हातातून चेंडू मागून घेण्याचा प्रसंग माझ्यावर शेकडो वेळा आला आहे, आणि त्यातले काही प्रसंग आजही आठवले की अवघडल्यासारखे होते.

क्रिकेट पाहत वाढलेल्या माणसाला स्नेलचा प्रसंग अधिकच खटकतो, कारण रंगात आलेल्या गोलंदाजाला थांबवणारा कर्णधार आपल्याकडे अडाणी ठरतो. मात्र इथे दोन गोष्टी मुळातच वेगळ्या आहेत. क्रिकेटमध्ये गोलंदाजाला एका षटकानंतर सक्तीची विश्रांती मिळते आणि त्याला बदलले तरी दुसऱ्या किंवा तिसऱ्या स्पेलसाठी तो परत येऊ शकतो. बेसबॉलमध्ये पिचर प्रतिस्पर्ध्यांच्या पूर्ण इनिंगचे (नऊ डावांपैकी एक; तीन बाद झाले की तो संपतो) सगळे चेंडू एकटाच टाकतो आणि एकदा सामन्याबाहेर गेला की त्या सामन्यापुरता कायमचा गेला. म्हणजे मॅनेजरचा निर्णय मागे घेता येत नाही. शिवाय येणारा माणूस मिड-ऑफला उभा नसतो. तो बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांच्या सरावाच्या जागेत, बसलेला असतो, त्याला फोन करून उठवावे लागते, त्याचा खांदा गरम व्हायला काही मिनिटे लागतात, आणि त्या मिनिटांत आपला पिचर दोन फलंदाजांना सामोरा गेलेला असतो. म्हणूनच टीव्हीवर आपल्याला मॅनेजर माउंडकडे चालताना दिसतो त्या क्षणी निर्णय झालेला असतो असे नाही. त्याचा निम्मा भाग दहा-पंधरा मिनिटे आधी, फोन उचलला तेव्हाच घेतला गेलेला असतो.

आता मुख्य मुद्दा. "आमचा पिचर आतापर्यंत कसा खेळला?" हा प्रश्न या निर्णयात जवळजवळ गैरलागू आहे, हे पचवायला मला स्वतःला काही वर्षे लागली. जे फलंदाज बाद झाले ते झाले. त्यांचे श्रेय पिचरच्या खात्यावर जमा असले तरी पुढच्या चेंडूसाठी ते वटवता येत नाही. प्रश्न असा असतो की, यापुढच्या तीन किंवा चार फलंदाजांना आत्ताचा हा थकलेला, ओळखीचा झालेला पिचर अधिक चांगला थोपवेल, की बुलपेनमध्ये आज, या घडीला, उपलब्ध असलेला अमुक एक ताजा पिचर? तराजूला दोन पारडी आहेत. प्रेक्षक, समालोचक आणि दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे बहुतेक वेळा पहिल्याच पारड्याकडे पाहतात. माझ्या मते गाजलेल्या चुकांपैकी निम्म्याहून अधिक चुका दुसऱ्या पारड्यात झालेल्या असतात, आणि स्नेलचा प्रसंग त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे.

तो प्रसंग नीट मांडून पाहू. २७ ऑक्टोबर २०२०, टेक्सासमधील आर्लिंग्टन. मालिकेत डॉजर्स ३-२ ने पुढे, म्हणजे रेजसाठी हरलो तर संपलो असा सामना. रँडी अरोझारेनाच्या पहिल्याच इनिंगमधल्या होम रनमुळे (चेंडू मैदानाबाहेर मारून मिळालेल्या धावेमुळे) रेज १-० ने पुढे होते. सहाव्या इनिंगमध्ये एक फलंदाज बाद झाल्यावर ऑस्टिन बार्न्सने सिंगल मारली, म्हणजे फटका मारून पहिला बेस गाठला. तोपर्यंत स्नेलने दोनच हिट (बेसवर पोहोचवणारे फटके) दिल्या होत्या, एकही वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळणारा पहिला बेस) दिला नव्हता आणि नऊ जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले होते. पुढे डॉजर्सच्या क्रमातील पहिले तिघे येणार होते : मुकी बेट्स, कोरी सीगर आणि जस्टिन टर्नर. या तिघांनी त्या दिवशी स्नेलसमोर सहा वेळा बॅट धरली होती आणि सहाही वेळा ते स्ट्राइकआउट झाले होते. तरीही कॅशने स्नेलला काढून उजव्या हाताच्या निक अँडरसनला आणले. बेट्सने डबल (दुसरा बेस गाठणारा फटका) मारली, एका वाइल्ड पिचवर (मागे अडवता न आलेल्या भरकटलेल्या चेंडूवर) बार्न्स धाव पूर्ण करून घरी पोहोचला, सीगरच्या पहिल्या बेसकडे गेलेल्या ग्राउंडरवर (जमिनीवरून गेलेल्या फटक्यावर) बेट्स धावत आला, आणि काही मिनिटांत १-० चे १-२ झाले. डॉजर्सने सामना ३-१ ने आणि मालिका ४-२ ने जिंकली.

कॅशचे कारण पहिल्या पारड्यातले होते आणि ते अजिबात मूर्खपणाचे नव्हते. फलंदाजी क्रम तिसऱ्यांदा पिचरसमोर येतो तेव्हा बहुतेक स्टार्टर (सामना सुरू करणारे पिचर) ढासळतात, हे हजारो सामन्यांच्या नोंदींतून दिसते. यामागे तीन कारणे एकत्र काम करतात. पिचर दमलेला असतो. फलंदाजाने त्याचे दहा-बारा चेंडू प्रत्यक्ष पाहिलेले असल्यामुळे हातातून चेंडू कुठून सुटतो आणि स्लायडर केव्हा वळू लागतो हे त्याच्या डोळ्यांत बसलेले असते. आणि तिसरी फेरी सुरू होते तीच मुळात संघाच्या सर्वोत्तम फलंदाजांपासून. यात एक खोच आहे जी आकड्यांवर विसंबणारेही कधी कधी विसरतात. तिसऱ्या फेरीपर्यंत टिकतात ते त्या दिवशी चांगले खेळणारेच पिचर, कारण बाकीचे आधीच बाहेर गेलेले असतात. म्हणजे नोंदींत दिसणारी घसरण चांगल्या दिवसांतली घसरण आहे. ही घसरण तिसऱ्या फेरीच्या पहिल्या फलंदाजापाशी कड्यासारखी तुटते, की चेंडूगणिक उतारासारखी हळूहळू येते, याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. माझा अनुभव उताराच्या बाजूचा आहे. तसे असेल तर "तिसरी फेरी सुरू झाली, काढा" हा नियम म्हणून वापरणे चुकीचे ठरते. तो इशारा म्हणून वापरायचा असतो.

स्नेलच्या बाबतीत इशारा होताही. २०१८ मध्ये साय यंग हा लीगमधील सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार मिळवलेल्या या पिचरने २०२० च्या संपूर्ण वर्षात एकाही सामन्यात सहा इनिंग पूर्ण केल्या नव्हत्या. रेज संघ त्याला त्याच बेताने वापरत आला होता आणि त्याच पद्धतीने वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचला होता. तेव्हा, स्नेलला काढण्याची वेळ जवळ आली होती, इतके मी मान्य करतो.

पण दुसऱ्या पारड्यात काय होते? निक अँडरसन नियमित मोसमात अप्रतिम होता, त्याची सरासरी, म्हणजे नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर लागलेल्या धावा, ०.५५ होती. मात्र ऑक्टोबरमध्ये, म्हणजे प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत), तो थकलेला होता, हे उघड दिसत होते : आधीच्या सलग सहा सामन्यांत त्याने दर वेळी किमान एक रन दिली होती. आणि समोर होता बेट्स, जो उजव्या हाताने फलंदाजी करत असूनही (एरवी फलंदाजाला विरुद्ध हाताचा पिचर सोपा जातो) त्या वर्षी डावखुऱ्या पिचरांपुढे फिका आणि उजव्यांपुढे तेज होता. थोडक्यात, कॅशने 'तिसऱ्या फेरीतला स्नेल' आणि 'नियमित मोसमातला अँडरसन' यांची तुलना केली. प्रत्यक्षात उपलब्ध होता तो ऑक्टोबरचा अँडरसन. माझे मत विचाराल तर स्नेलला किमान बेट्ससाठी तरी ठेवायला हवे होते. पण त्याला काढणे ही घोडचूक नव्हती. कोणाला आणले ही होती.

याच्या बरोबर उलट प्रसंग १६ ऑक्टोबर २००३ चा. यँकी स्टेडियम, अमेरिकन लीगच्या (मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एक) अंतिम मालिकेचा सातवा सामना, बॉस्टन रेड सॉक्स आठव्या इनिंगमध्ये ५-२ ने पुढे. पेद्रो मार्टिनेझने सात इनिंगमध्ये बरोबर १०० चेंडू टाकले होते. सातवी संपल्यावर आकाशाकडे बोट दाखवून तो डगआउटमध्ये परतला तेव्हा पाहणाऱ्या अनेकांना वाटले की त्याचे काम झाले. मॅनेजर ग्रेडी लिटलने त्याला पुन्हा पाठवले. एक बाद झाल्यावर डेरेक जीटरची डबल, मग बर्नी विल्यम्सची सिंगल, ५-३. लिटल माउंडवर गेला, पेद्रोला विचारले, पेद्रोने होकार दिला, आणि लिटल एकटाच परत आला. हिदेकी मात्सुईची डबल, होर्हे पोसादाचा मधोमध टपकलेला फटका, ५-५. पेद्रो बाहेर गेला तेव्हा त्याचे १२३ चेंडू झाले होते. अकराव्या इनिंगमध्ये एरन बूनच्या होम रनवर यँकीज जिंकले. या प्रसंगात बुलपेनचे पारडे जड होते : डावखुरा ॲलन एम्ब्री आणि माइक टिमलिन दोघेही त्या ऑक्टोबरमध्ये उत्तम टाकत होते, आणि डावखुऱ्या मात्सुईसाठी डावखुरा एम्ब्री म्हणजे हातात आलेली चावी. २००३ मध्ये चांगला पर्याय असून वापरला नाही. २०२० मध्ये चांगला पर्याय नसताना वापरला. लोक या दोन गोष्टींना 'अंतर्मनाचा निर्णय' विरुद्ध 'आकड्यांचा निर्णय' असे रंगवतात, पण दोन्हींमध्ये हुकले ते दुसरे पारडेच.

लिटलच्या त्या माउंडभेटीबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण तिथे प्रत्येक प्रशिक्षकासाठी एक धडधडीत सापळा आहे. पिचरला "तू ठीक आहेस ना?" असे कधीही विचारू नये. जो माणूस त्या माउंडपर्यंत पोहोचला आहे तो कधी "नाही" म्हणून तिथे पोहोचलेला नसतो. २०१५ च्या वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात न्यूयॉर्क मेट्सचा मॅट हार्वी आठ इनिंग शून्यावर खेळल्यानंतर बाहेर जायला तयारच झाला नाही. मॅनेजर टेरी कॉलिन्सने अखेर त्याचे ऐकले, नवव्या इनिंगमध्ये आधी वॉक, मग डबल, आणि जिंकत आलेला सामना बाराव्या इनिंगमध्ये कॅन्सस सिटीने ७-२ असा नेला. मी स्वतः माउंडवर जातो तेव्हा मुलाला विचारतो, "या फलंदाजाला पहिला चेंडू कोणता टाकणार?" उत्तर ताबडतोब आणि नेमके आले तर तो अजून खेळात आहे. तो माझ्याऐवजी जमिनीकडे पाहू लागला, किंवा "फास्टबॉल" इतकेच म्हणून कुठे टाकणार ते सांगेनासा झाला, की मी चेंडूसाठी हात पुढे करतो. मुलाआधी मी कॅचरकडे (यष्टिरक्षकासारखा मागे चेंडू झेलणारा) पाहतो, कारण खरे फक्त कॅचरला माहीत असते. तो खाली बाहेर मिट (हातमोजा) धरतो आणि चेंडू छातीच्या उंचीवर येतो, हे तो दहा चेंडूंपासून सोसत असतो.

डोळ्यांनी काय दिसते, हा आपल्या दुसऱ्या प्रश्नाचा गाभा आहे. वेगमापकावर ताशी दोन मैलांची घट दिसली तर ती महत्त्वाची असतेच, पण अनेकदा वेग शेवटपर्यंत टिकतो आणि आधी जाते ती जागा. पाय दमले की पिचर शरीर पुढे नेण्याआधीच हात सोडतो, कोपर किंचित खाली येते, आणि उजव्या हाताच्या पिचरचा फास्टबॉल त्याच्या हाताच्या बाजूला वर निसटू लागतो. कर्व्हबॉल खाली कोसळण्याऐवजी मध्येच लटकतो. दोन चेंडूंमधला वेळ वाढू लागतो; मेजर लीगमध्ये २०२३ पासून पिच क्लॉक (चेंडू टाकण्याची वेळमर्यादा) आल्यामुळे ही खूण तिथे बरीच झाकली गेली, पण आमच्या पातळीवर ती अजून बोलकी आहे. आणि फाउलकडे (मैदानाच्या वैध भागाबाहेर गेलेल्या फटक्यांकडे) पाहावे, विशेषतः फास्टबॉलवरच्या. फलंदाजाचे फाउल विरुद्ध बाजूला जात असतील तर तो उशीर करतो आहे, म्हणजे पिचर अजून त्याच्यावर भारी आहे. तेच फाउल सरळ मागच्या जाळीत जाऊ लागले तर वेळ जमली आहे, फक्त बॅटची उंची जमायची बाकी आहे. बाद झालेल्या फलंदाजांचीही हीच गोष्ट. सेंटर फील्डच्या कुंपणापाशी टिपलेले तीन झेल धावफलकावर तीन बाद म्हणूनच दिसतात, पण डगआउटमध्ये बसलेल्याच्या पोटात गोळा येतो.

चेंडूंची एकूण संख्या ही मला या सगळ्यांत सर्वांत ढोबळ खूण वाटते. नऊ इनिंगमध्ये समान वाटलेले ९५ चेंडू आणि एकाच इनिंगमध्ये तीन धावपटू बेसवर असताना घाम काढत टाकलेल्या ३२ चेंडूंसह झालेले ९५ चेंडू, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्याचप्रमाणे दोनच प्रकारचे चेंडू असलेला पिचर तिसऱ्या फेरीत उघडा पडतो, तर चार प्रकार असलेला त्या फेरीसाठी एखादा चेंडू राखून ठेवू शकतो. मी मुलांना सांगतो की चेंजअप (फसवा संथ चेंडू) पहिल्या फेरीत कमीत कमी दाखवा. चौदा वर्षांच्या मुलांकडून हा संयम क्वचितच पाळला जातो, ते सोडा.

दुसऱ्या पारड्याकडे परत येतो, कारण तिथे नियमांनीही हात घातला आहे. पूर्वी एका डावखुऱ्या फलंदाजापुरता डावखुरा रिलीव्हर (बदली पिचर) आणून लगेच काढता येत असे. २०२० पासून मेजर लीगमध्ये आलेल्या पिचरने किमान तीन फलंदाजांना सामोरे जावे किंवा इनिंग संपवावी, असा नियम झाला. त्यामुळे रिलीव्हर निवडताना समोरचा एक नव्हे, तिघे पाहावे लागतात. त्याच इनिंगमध्ये त्याच पिचरकडे दुसऱ्यांदा भेटीला गेले तर त्याला काढावेच लागते, म्हणून पहिली भेट कशावर खर्च करायची हाही हिशेब असतो. नॅशनल लीगमध्ये २०२१ पर्यंत, मधले २०२० सोडले तर, पिचरला स्वतः फलंदाजी करावी लागे आणि त्याची पाळी आली की पिंच हिटरसाठी (बदली फलंदाजासाठी) त्याला काढण्याचे आयते निमित्त मिळे. तेही आता राहिले नाही.

आणि सगळे योग्य करूनही सामना जाऊ शकतो. २०१९ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात ह्यूस्टनचा झॅक ग्रेंकी माउंडवर होता, संघ २-० ने पुढे होता. सातव्या इनिंगमध्ये वॉशिंग्टनच्या अँथनी रेंडॉनने होम रन मारली, ह्वान सोतोला वॉक मिळाला, आणि मॅनेजर ए. जे. हिंचने ग्रेंकीला ८० चेंडूंवर काढून विल हॅरिसला आणले. हॅरिसने हाउई केंड्रिकला बाहेरच्या कडेला खाली, जिथे टाकायचा तिथेच चेंडू टाकला. केंड्रिकने तो उजव्या बाजूच्या फाउल पोलवर (वैध भागाची कड दाखवणाऱ्या खांबावर) नेऊन आदळला, म्हणजे होम रन. वॉशिंग्टन ६-२ ने जिंकले. संघाचा भरवशाचा पिचर गेरिट कोल बुलपेनमध्येच राहिला म्हणून हिंचवर टीका झाली, आणि त्यात तथ्य आहे, कारण ती दुसऱ्या पारड्याची टीका आहे. पण त्या चेंडूमध्ये मला खोट दिसत नाही.

माझी स्वतःची चूक यापेक्षा बरीच साधी होती. काही वर्षांपूर्वी, तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या एका स्थानिक उपांत्य सामन्यात, आमचा पिचर पाचव्या इनिंगमध्ये अचानक चेंडू वर टाकू लागला. मला ते दिसले होते. पण बुलपेन म्हणजे कुंपणापलीकडचा गवताचा पट्टा, आणि तिथे मी कोणालाही वॉर्म-अप करायला पाठवलेच नव्हते, कारण चौथ्या इनिंगपर्यंत सगळे सुरळीत चालले होते. थंड खांद्याच्या मुलाला माउंडवर उभे करणे मला पटेना, म्हणून दमलेल्यालाच ठेवले. दोन वॉक, एक ट्रिपल, आणि मुलगा डगआउटमध्ये टोपी तोंडावर ओढून बसला. वेळ ओळखण्यात मी चुकलो नव्हतो. वेळ ओळखून उपयोग व्हावा अशी तयारी ठेवली नव्हती. त्यानंतर मी चौथी इनिंग सुरू होताच, परिस्थिती कशीही असो, कोणाला तरी हलके फेकायला लावतो. याची किंमतही आहे, कारण उगाच गरम होऊन बसलेला रिलीव्हर दुसऱ्या दिवशी थोडा कमी ताजा असतो.

दुसऱ्या दिवसाचा विचार हा मोसम आणि प्लेऑफ यांतला खरा फरक. १६२ सामन्यांच्या मोसमात मॅनेजर आजच्या सामन्याबरोबर उद्याचे बुलपेन आणि सप्टेंबरमधले कोपर यांचाही विचार करतो. १३ एप्रिल २०२२ रोजी मिनेसोटामध्ये डॉजर्सच्या मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सने क्लेटन केर्शॉला सात परफेक्ट इनिंग (एकही फलंदाज बेसवर न पोहोचलेल्या) आणि ८० चेंडूंनंतर काढले, तेव्हा लोक संतापले. परफेक्ट गेम तोवरच्या इतिहासात फक्त २३ झाले होते. पण केर्शॉ ३४ वर्षांचा होता, आदल्या मोसमाच्या शेवटी त्याचा हात दुखावला होता, लॉकआउटमुळे (संघमालकांच्या टाळेबंदीमुळे) त्या वर्षीचा सराव अपुरा झाला होता, आणि स्वतः केर्शॉने निर्णयाला हरकत घेतली नाही. मीही तेच केले असते. मुलांच्या बाबतीत तर हा वाद नियमांनीच मिटवला आहे : लिटल लीगमध्ये अकरा-बारा वर्षांच्या मुलाला एका दिवसात ८५ चेंडूंची मर्यादा आहे आणि ६६ किंवा अधिक चेंडू टाकले तर चार दिवसांची विश्रांती सक्तीची. पालक माझ्याशी यावरून भांडले आहेत, आणि त्यांच्यापैकी एकाचेही ऐकण्याचा मोह मला झालेला नाही.

राहिला संगणकाचा प्रश्न. सामन्याच्या वेळी डगआउटमध्ये कोणी यंत्राची आज्ञा पाळत नसतो. पण सामन्याआधी विश्लेषक, पिचिंग प्रशिक्षक आणि मॅनेजर यांची बैठक होते, त्यात कोणत्या फलंदाजापर्यंत स्टार्टर आणि त्यानंतर कोणत्या गटासाठी कोणता रिलीव्हर, हे बरेचसे ठरते. रेज या बाबतीत सर्वांच्या पुढे होते. १९ मे २०१८ रोजी त्यांनी सर्जिओ रोमो या रिलीव्हरला सुरुवातीलाच एका इनिंगपुरते पाठवून 'ओपनर'ची पद्धत रूढ केली, तेव्हाही मॅनेजर कॅशच होता. आधी ठरवण्याचा फायदा असा की सामन्याच्या गोंगाटात डोके फिरत नाही. तोटा असा की त्या दिवशीचा स्नेल आणि त्या आठवड्यातला अँडरसन बैठकीच्या कागदावर दिसतातच असे नाही, आणि ते पाहण्यासाठीच तर मॅनेजरला गणवेश घालून डगआउटमध्ये उभे केलेले असते. जबाबदारी मात्र त्याचीच धरली जाते, तीही सारख्या मापाने नाही : ग्रेडी लिटलचा करार २००३ च्या मोसमानंतर बॉस्टनने पुढे वाढवला नाही, तर केव्हिन कॅशला स्नेलच्या प्रसंगानंतर काही आठवड्यांतच अमेरिकन लीगचा वर्षाचा सर्वोत्तम मॅनेजर म्हणून जाहीर करण्यात आले. अर्थात त्या पुरस्काराची मते प्लेऑफ सुरू होण्याआधीच पडलेली असतात.